अर्धशिशीची गोळी

संध्याचं डोकं दुखतं हे अमरावतीच्या लुंबिनी कॉलनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अर्धशिशी तिला कॉलेजपासूनची. डाव्या डोळ्याच्या मागून ठणका सुरू व्हायचा, डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचायचा, शेजारच्या घरातली फोडणी नाकात गेली तरी मळमळायचं. मग ती खोलीत अंधार करायची, कपाळाला ओढणी आवळून बांधायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. दुसऱ्या दिवशी उठून बस धरायची आणि तिवस्याच्या पंचायत समितीत आपल्या टेबलावर हजर. लोकांना या दुखण्याबद्दल आदर होता. ‘संध्याबाईची अर्धशिशी’ असं ते अशा सुरात म्हणायचे, जशी काही ती तिची थोरली बहीणच.

दुसरं दुखणं मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. ते मागच्या दिवाळीनंतर कधीतरी आलं. कारण विचाराल तर कारण नव्हतं. घरात कोणी गेलं नव्हतं, नोकरी शाबूत होती, मुलगी पायल नागपूरला नीट शिकत होती, नवरा दारूला शिवत नव्हता. ‘मग झालं तरी काय तिला?’ असं विचारणारे लोक असतात, आणि मला त्यांचा फार राग येतो. सगळं बरं चाललेलं असलं की माणसानं आजारी पडू नये, असा काही सरकारी नियम नाही.

तिच्या नवऱ्याच्या, धर्मेंद्रच्या, हे लक्षात आलं ते वांग्यांमुळे. धर्मेंद्र वीज कंपनीत लाइनमन. खांबावरून खाली ओरडून ओरडून त्याचा आवाज असा वाढलेला, की घरात मीठ मागितलं तरी तीन घरं सोडून चौथ्याला कळावं. भाजी आणायचं काम त्याचं आणि आणलेल्या भाजीवरून त्याला झापायचं काम संध्याचं, ही सव्वीस वर्षांची रीत. एका रविवारी त्यानं किडकी वांगी आणली. संध्यानं पिशवी पालथी केली, वांगी पाहिली आणि काही न बोलता चिरायला घेतली. किडका भाग काढून टाकला, उरलेलं पातेल्यात. धर्मेंद्र झापून घ्यायला दारातच उभा होता. पुढच्या रविवारी त्यानं मुद्दाम पिवळी पडलेली कोथिंबीर आणली. तिनं तीही निवडली. तेव्हा मात्र तो तिच्या मागेच लागला.

“तुले काय पाह्यजे?” तो विचारायचा.

“काही नाही.”

जेवायला काय करू, कुठं जायचं का, लुगडं घ्यायचं का, सगळ्याला तेच उत्तर. रात्र रात्र ती जागी असायची आणि सकाळी उठून मशीनसारखी कामाला लागायची. तिनं काहीतरी मागावं, एवढीच धर्मेंद्रची इच्छा उरली होती. काहीही. चंद्र मागितला असता तरी त्यानं शिडी काढली असती, शिडी तर त्याच्याकडे होतीच.

पायलला फोनवर आईचा आवाज ऐकूनच कळलं. “बाबा, आईला डिप्रेशन असेल. डॉक्टरकडे न्या,” ती म्हणाली आणि तिनं चार नंबर पाठवले, तीन अमरावतीचे आणि एक अकोल्याचा. धर्मेंद्रनं अकोल्याचा निवडला.

“अमरावतीत डॉक्टर नाहीत काय?” संध्यानं विचारलं.

“हायेत नं. पन कोनी पाह्यलं तं? अकोला तुयं माहेर हाय. लोकायले सांगू, माहेरी गेली होती.”

लाज कोणाची होती हे सांगून टाकलेलं बरं. ती तिची नव्हती.

जूनच्या मध्याला दोघं एसटीनं अकोल्याला गेले. डॉक्टर इफ्फत चाळिशीच्या, डोक्यावर ओढणी, बोलणं सावकाश. त्यांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. झोप किती, जेवण किती, रडू येतं का. मरून जावंसं वाटतं का, हेही त्यांनी सरळ विचारलं.

“मरावं असं बी वाटत नाही,” संध्या म्हणाली. “काहीच वाटत नाही.”

धर्मेंद्र खिडकीबाहेर पाहू लागला.

मग डॉक्टरांनी डोकेदुखीचं विचारलं. संध्यानं पर्समधून पाकिटं काढून टेबलावर ठेवली, मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांची. महिन्याला वीस-बावीस व्हायच्या.

“इतक्या घेतल्या की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, बाई,” डॉक्टर म्हणाल्या. “या आधी कमी करायच्या. आता ऐका. उदासीची गोळी निवडताना मला तुमची अर्धशिशी पण सांभाळायची आहे. एक गोळी आहे, आजकाल बहुतेकांना पहिली तीच देतात. पोट थोडे दिवस बिघडतं, पण माणूस कामावर जाऊ शकतो. अर्धशिशीला तिचा उपयोग नाही. उलट सुरुवातीला डोकं जरा जास्त दुखू शकतं. दुसरी आहे, ती दोन्हीला चालते. पण ती बीपी वाढवू शकते आणि तुमचं आधीच दीडशे आहे. ती नको. तिसरी जुनी आहे, अमिट्रिप्टिलीन. थोडी दिली की अर्धशिशीचे झटके कमी होतात, हळूहळू वाढवली की मनालाही उचलते. झोपही आणते. मला विचाराल तर मला ती बरी वाटते.”

“मंग तेच द्या नं,” धर्मेंद्रनं मध्येच तोंड घातलं. “लोकायले सांगाले बी बरं. अर्धशिशीची गोळी म्हनून.”

“गोळी लोकांना नाही घ्यायची, भाऊ,” डॉक्टर म्हणाल्या आणि पुन्हा संध्याकडे वळल्या. “तिचे त्रास पण ऐका. पहिले काही आठवडे दिवसासुद्धा गुंगी येते. भूक वाढते, वजन वाढतं, पोट साफ होत नाही. आणि तोंड कोरडं पडतं, फार कोरडं.”

संध्यानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. “तोंड कोरडं पडलं तर वाचता येईन काय?”

“काय वाचता?”

मग संध्यानं सांगितलं. आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागतो, तो आश्विन पौर्णिमेपर्यंत. त्या तीन महिन्यांत कॉलनीच्या विहारात रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ मोठ्यानं वाचतात, आणि चौदा वर्षं ते वाचन तिच्याकडे होतं. तिचे वडील धर्मपाल अकोल्याच्या विहारात वाचायचे, त्यांच्याजवळ बसून ती शिकली. ओळ गाळायची नाही आणि आपल्या मनचं घालायचं नाही, हे त्यांचे दोन नियम.

“तेवढ्या एका तासात माह्या डोक्यात दुसरं काही येत नाही, मॅडम,” ती म्हणाली. “तेवढंच उरलं हाय.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मग पहिली देऊ. ही निवड एकदाच करून संपत नाही. पाच-सहा आठवडे बघू, नाही जमली तर बदलू. डोकं दुखलं की वहीत तारीख लिहा. आणि मधेच आपल्या मनानं बंद करायची नाही.”

येताना मूर्तिजापूरला बस थांबली. धर्मेंद्रनं विचारलं, “चहा घेतं?” तिनं मान हलवली. त्यानंही मग घेतला नाही.

आषाढी पौर्णिमेला वाचन सुरू झालं. संध्या पांढरी साडी नेसून लहान टेबलापुढे बसली, त्रिशरण-पंचशील झालं आणि तिनं पहिलं पान उघडलं. घरात जो आवाज दिवसेंदिवस ऐकू येत नव्हता तो विहारात सुरळीत निघाला. पुढ्यात नेहमीचेच लोक. सगळ्यांत पुढे ऐंशी ओलांडलेले देवमनकाका, कानानं अधू, हात मांडीवर ठेवून तिच्या तोंडाकडे एकटक पाहत. बायकांमध्ये पहिली महिला मंडळाच्या शालूताई, गालात कायम लवंग आणि बाजूला पाण्याची बाटली. वाचन संपलं की सगळे हात जोडून मोठ्यानं ‘साधू, साधू, साधू’ म्हणायचे. शालूताईंचा ‘साधू’ असा खणखणीत, की बाहेरचं कुत्रं उठून उभं राहायचं.

पण गोळीनं मनाचं काही हललं की नाही हे कळायच्या आत डोक्यानं उचल खाल्ली. पहिल्या तीन आठवड्यांत वहीत अकरा तारखा. कधी ट्यूबलाइटचा उजेड सहन होईना, कधी अगरबत्तीचा धूर. धर्मेंद्रनं एका दुपारी शिडी आणून विहारातली ट्यूब काढली आणि पिवळा बल्ब लावला. कोणी विचारलं की तो सांगायचा, “अर्धशिशी हाय.” ती गप्प का असते? अर्धशिशी. लग्नाला का आली नाही? अर्धशिशी. त्या बिचाऱ्या दुखण्याच्या डोक्यावर त्यानं इतकं काही लादलं, की त्याला बोलता आलं असतं तर त्यानं तक्रार केली असती.

आणि अर्धशिशी म्हटल्यावर लोक ऐकतात थोडेच? एकानं नाकात तुपाचे थेंब सांगितले. शालूताई तर सूर्य उगवायच्या आत डबा घेऊन दारात. “गरम दूध-जिलबी. पाच दिवस दिवस निघाच्या आत खाल्ली का अर्धशिशी गेली समज!” संध्यानं त्यांच्या मनासाठी अर्धी जिलबी खाल्ली आणि मोरीकडे धावली. शालूताई पुढचे चार दिवसही न चुकता आल्या. जिलब्या धर्मेंद्रनं संपवल्या. त्याची अर्धशिशी असती तर निश्चित गेली असती.

मग ऑगस्टातली ती संध्याकाळ आली. वाचन अर्ध्यावर होतं. धर्मेंद्र खांबाला टेकून बसला होता, त्याला दिसलं की संध्याचं बोट ओळीवर थांबलंय आणि ती तशीच पुढे म्हणतेय. अक्षरं तिला दिसत नव्हती, ती पाठ होतं म्हणून बोलत होती. दोन ओळी गेल्या. मग ती थांबली.

“पुढचं दिसून नाही राह्यलं,” ती म्हणाली. आपल्या मनचं घालायचं नाही, म्हणून तिनं ग्रंथ मिटला.

चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले, तशी धर्मेंद्रनं उभं राहून घोषणा केली, “अर्धशिशी हाय! काही नाही, अर्धशिशी!”

घरी आल्यावर संध्या अंधारात पडून म्हणाली, “सारं अर्धशिशीवरच काहून टाकता तुमी?”

उत्तर त्याला माहीत होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा अकोल्याला गेले. दवाखान्याच्या बाकड्यांवर गर्दी होती. कोपऱ्यात एक बाई डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसली होती. ऑगस्टचा महिना वाचायला तिला फारच वेळ लागत होता. बाजूला पाण्याची बाटली होती आणि गालात काहीतरी होतं.

“शालूताई?” संध्या म्हणाली.

पदर हळूहळू वर गेला. अमरावतीत कोणी पाहू नये म्हणून दीड-दोनशे रुपयांचं तिकीट काढून तिघंही शंभर किलोमीटर आले होते, आणि एकाच बाकड्यावर भेटले होते.

“आमी... ते... अर्धशिशी,” धर्मेंद्र म्हणाला.

“मी बी अर्धशिशीच,” शालूताई म्हणाल्या.

संध्याच्या ओठाचा कोपरा हलला. हसू म्हणण्याइतकं ते नव्हतं, पण शालूताईंनी तेवढ्यानं धीर धरला. बाकड्यावर सरकून त्यांनी तिला जागा केली.

“चार वर्षं झाले मले,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “घरी सांगते, पोरीकडे चालली. ते लवंग कशाले असते वाटतं तुले? गोळीनं तोंड वाळते माय. जीभ टाळूले चिपकते.” मग जरा थांबून, “तुयं असं असन हे मले समजाले पाह्यजे होतं. मी जिलबी घेऊन आली. माफ कर बाप्पा.”

डॉक्टरांनी वही पाहिली. पहिली गोळी हळूहळू बंद करून जुनी सुरू करू, म्हणाल्या, आणि आधी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घ्यायला सांगितली. “वाचन सोडा असं मी म्हणणार नाही. पण काही आठवडे जीभ साथ देणार नाही हे खरं. ठरवायचं तुम्ही.”

धर्मेंद्रच्या तोंडाशी शब्द आले होते, पण या खेपेला त्यानं ते गिळले.

“अर्धं वाचून उठाचं मले जमत नाही,” शेवटी संध्या म्हणाली. “जुनीच द्या. यंदा राहू द्या वाचन.”

आवाज स्थिर होता. पण बाहेर आल्यावर तिनं जिना उतरताना कठडा घट्ट धरला, आणि धर्मेंद्रला कळलं की तिनं आज काय सोडून दिलं.

परतीच्या बसमध्ये तिघं एकाच सीटवर बसले. बोरगाव मंजू गेल्यावर धर्मेंद्र म्हणाला, “मंग ग्रंथ कोन वाचन? दीड महिना हाय अजून.”

“तुमी,” शालूताई म्हणाल्या.

“मी? मले लाइटचं बिल वाचता येत नाही धड!”

“मंग ग्रंथ वाचा. त्यात आकडे कमी असते.”

धर्मेंद्रनं संध्याकडे पाहिलं. ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होती. पण ‘नको’ असंही ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला धर्मेंद्र पांढरा सदरा घालून टेबलापुढे बसला. पंचशील झालं. त्यानं पान काढलं, घसा साफ केला, आणि तेवढ्यात देवमनकाकांनी हात वर केला.

“काहून गा, तू काहून बसला तिथी? पोरगी कुठी हाय?”

संध्या बायकांच्या रांगेत शालूताईंजवळ बसली होती.

“तिची तब्येत बरी नाही, काका!”

“काय?”

“तब्येत! बरी नाही!”

“डोकं काय? अर्धशिशी?”

हो म्हटलं की संपत होतं. इतके दिवस तो हेच तर म्हणत आला होता. त्यानं संध्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती. रागानं नाही, काही मागतही नव्हती, नुसती पाहत होती.

“अर्धशिशी तं हायेच, काका,” धर्मेंद्र म्हणाला. “पन तिचं मन बी आजारी हाय.”

“काय हाय?”

“मन!” आता आवाज खांबावर चढला. “मन आजारी हाय तिचं! डिप्रेशन! त्याची गोळी चालू हाय!”

विहाराच्या बाहेर चपला काढणारा माणूसही तसाच एका पायावर थांबला.

“मंग वरडून काहून राहिला?” देवमनकाका म्हणाले. “माही बायको कौशल्या दोन साल तशीच होती. भिताडाकडे तोंड करून पडे. आमी तिले आळशी म्हनलं.” त्यांनी मांडीवरचे हात एकदा उलटे केले आणि पुन्हा सुलटे केले. “गोळी हाय नं आता? घे म्हना मंग. वाच तू.”

धर्मेंद्र वाचू लागला. वाचू लागला म्हणजे काय, ठेचकाळू लागला. जोडाक्षर आलं की थांबायचा, लांब नाव आलं की दोन तुकडे करायचा, पूर्णविराम त्याला दिसायचाच नाही. पण वाचन संपल्यावर देवमनकाका काठी टेकत त्याच्याजवळ आले, त्यांचे डोळे भरले होते. “तुया आवाज मले ऐकू येते गा,” ते म्हणाले. “चौदा साल मी पोरीचं तोंड पाह्याले येत होतो. आवाज लय नाजूक तिचा, एक अक्षर ऐकू नाही येत. तू लय साजरा वाचतं.” धर्मेंद्रच्या वाचनाची ही पहिली आणि शेवटची तारीफ.

दुसऱ्या दिवशी विहारात अगरबत्ती आत नव्हती, कोणीतरी बाहेरच्या पायरीवर नेऊन लावली होती. अर्धशिशीवरचे उपाय सांगणं लोकांनी बंद केलं आणि शालूताईंच्या लवंगांची पुडी दोघींमध्ये फिरू लागली.

गोळी काही जादू नव्हती. संध्याचं तोंड असं वाळायचं की बोलताना जिभेचा आवाज यायचा. दिवसा ती टेबलावर पेंगायची, म्हणून तिनं तीन आठवड्यांची रजा टाकली. पोटाचे हाल वेगळेच. दोनदा ती म्हणाली की बंद करून टाकते, आणि दोनदा धर्मेंद्रनं डॉक्टरांना फोन लावून तो तिच्या हातात दिला. मात्र वहीतल्या तारखा विरळ होऊ लागल्या. एका आठवड्यात तीन, मग एक. गोळी संध्याकाळी सातला, जेवण झाल्यावर. मग ती विहारात येऊन बसायची आणि नवरा करत असलेले ग्रंथाचे हाल ऐकायची. तोंडावरून काही कळायचं नाही.

सप्टेंबर अर्धा सरला होता. डॉक्टरांनी मात्रा वाढवून चार-पाच दिवस झाले होते. धर्मेंद्र दुसऱ्या पानावर होता आणि एक नाव तिसऱ्यांदा जुळवत होता, तेव्हा त्याला दिसलं की संध्याचं डोकं शालूताईंच्या खांद्यावर टेकलंय. त्याला आधी वाटलं, आलाच झटका. पण तिच्या कपाळाला आठी नव्हती. हात मांडीत सैल पडले होते, तोंड किंचित उघडं होतं. ती झोपली होती, लहान पोर झोपतं तशी. किती महिन्यांनी तो तिला अशी गाढ झोपलेली पाहत होता!

त्याचा आवाज आपोआप अडखळला. आता काय करावं? मोठ्यानं वाचलं तर ती उठेल. हळू वाचलं तर पुढ्यात देवमनकाका, त्यांना त्याच्याशिवाय कोणाचं ऐकू येत नाही, आणि तेवढ्यासाठी ते पाऊस असो चिखल असो, काठी टेकत येतात. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी मान वळवून मागे बायकांच्या रांगेकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग धर्मेंद्रकडे वळून त्यांनी तळहात जमिनीकडे केला आणि खाली खाली दाबला. हळू. अजून हळू.

जन्मात पहिल्यांदा धर्मेंद्र हळू बोलला. देवमनकाका त्याच्या ओठांकडे पाहत बसले.

दिवसाचं वाचन संपलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की खरी पंचाईत पुढेच आहे. ग्रंथ मिटला की चाळीस जण एकदम ‘साधू’ म्हणणार. म्हणून त्यानं मिटलाच नाही. पान उलटलं आणि उद्याचं वाचायला घेतलं. कोणाच्या घरी कुकर लावायचा होता, कोणाची मालिका बुडत होती, एका पोराला तर केव्हाची शू लागली होती. पण कोणी उठलं नाही. उद्याचंही संपलं. धर्मेंद्रनं परवाच्या पानावर बोट ठेवलं आणि घाबरून शालूताईंकडे पाहिलं, कारण आता त्याच्याच जिभेला कोरड पडली होती.

शालूताईंनी खांदा न हलवता दोन्ही हात जोडले. कुत्र्याला उठवणारी ती बाई, पण तिचे नुसते ओठ हलले. साधू. मग सगळ्या रांगेचे. साधू. चाळीस माणसं आणि आवाज असा की पंख्याचाच जास्त. देवमनकाकांना काहीच ऐकू आलं नसणार, तरी तिसरा साधू त्यांनी सगळ्यांबरोबर म्हटला. मग एकेक जण चपला हातात घेऊन बाहेर गेला.

मागे राहिले शालूताई, धर्मेंद्र आणि झोपलेली संध्या. धर्मेंद्र येऊन समोर फरशीवर बसला आणि त्याला रडू आलं. त्यानं ते आवरलंही नाही. शालूताईंनी त्याला आपली पाण्याची बाटली दिली.

पंधरा-वीस मिनिटांनी संध्या जागी झाली. रिकाम्या विहाराकडे तिनं पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“झालं काय वाचन?” तिची जीभ टाळूला चिकटत होती.

“झालं. उद्याचं बी झालं.”

शालूताईंच्या हातातून तिनं लवंग घेतली, तोंडात टाकली.

“मंग उद्या हेच पुन्हा वाचा,” ती म्हणाली. “माहं ऐकाचं राह्यलं. अन् काल तुमी दोन ओळी गाळल्या. त्या बी वाचजा.”

कोणत्या ओळी, ते धर्मेंद्रला पक्कं ठाऊक होतं. त्यात एक अवघड नाव होतं म्हणून त्यानं त्या मुद्दाम टाळल्या होत्या.

“कोनत्या?” तरी त्यानं विचारलं, कारण त्याला अजून झापून घ्यायचं होतं.